जुन्या प्लेस्टेशनवर टीव्ही पाहताना

संपादक महोदय,
ब्रिटनमधून सेकंडहँड प्लेस्टेशन ३ हा गेम कन्सोल आणि त्यावर टीव्ही दाखवणारा ‘प्लेटीव्ही’ ट्यूनर आणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. २००८ चा हा यूएसबी डबा फक्त डीव्हीबी-टी, म्हणजे अँटेनावरून येणाऱ्या डिजिटल टीव्हीच्या जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण पकडतो. मुंबईतले दूरदर्शनचे अँटेनावरचे डिजिटल प्रक्षेपण डीव्हीबी-टी२ या नव्या पद्धतीचे आहे, ते या डब्याला कळत नाही. कितीही स्कॅन करा, वाहिनी सापडणार नाही, अँटेनाला दोष देऊ नये. ब्रिटनमध्येही फ्रीव्ह्यू एचडी (अँटेनावरच्या मोफत एचडी वाहिन्या) याच कारणाने दिसत नाही. तिथल्या साध्या वाहिन्या मात्र उत्तम चालतात: ट्यूनर दोन असल्याने एक पाहताना दुसरी रेकॉर्ड होते. रेकॉर्डिंग कन्सोलच्या हार्डडिस्कवर जाते. पेनड्राइव्हवर कॉपी करताना फॅट३२ या फाइल साठवण्याच्या पद्धतीची एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आड येते, त्यामुळे लांबलचक सामना अडकतोच!
– एक वाचक