आयत्या पट्ट्यांची वाकळ

सांगली

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

पत्र आणि फोटो मिळाले. लेकीनं अमेरिकेहून आणलेला, वाकळीसाठी आयत्या कापलेल्या कापडी पट्ट्यांचा गुंडाळा टेबलावर ठेवून तू नुसती बघत बसली आहेस म्हणतेस. दिसतोच तो तसा, मिठाईच्या दुकानातला वाटावा. तिकडे त्याला जेली रोल म्हणतात. जॅम लावून गुंडाळलेला केक असतो ना, त्यावरून. आत साधारण ४० ते ४२ पट्ट्या असतात, प्रत्येक अडीच इंच रुंद आणि कापडाच्या पन्ह्याएवढी लांब, म्हणजे ४२ ते ४४ इंच. रंग आणि छाप एकमेकांशी जुळवूनच घातलेले असतात, म्हणून कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीशेजारी बसते. सोडव आता. मोजून घे आणि अगदी गडद दोन-तीन बाजूला काढून ठेव, का ते पुढे सांगते.

धुवायच्या भानगडीत मात्र पडू नकोस. अख्खं कापड आधी धुवावं हे खरं, पण अडीच इंचाची पट्टी पाण्यात टाकलीस की कडा उसवतात, पट्ट्या एकमेकींत गुंततात आणि वाळल्यावर पिळवटून येतात. लाल-निळ्याची शंका असेल तर ओलं पांढरं फडकं त्या पट्टीवर ठेवून गरम इस्त्री दाब. फडक्यावर रंग उतरला तर ती पट्टी ह्या वाकळीत नको. मीठ-तुरटीच्या पाण्यानं हल्लीचे रंग पक्के होत नाहीत. सुटा रंग तेवढा निघतो, तो साध्या पाण्यानंही निघतो.

कापणं वाचलं म्हणजे अर्धं काम झालं असं तुला वाटत असेल. नाही झालं. पट्ट्यांच्या वाकळीचं सगळं गणित मायेवर, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडावर, उभं आहे, आणि माया हवी पाव इंच. बरोबर पाव, किंवा एक धागा कमी, कारण माया एका बाजूला दाबली की घडीत तेवढं कापड खर्ची पडतं. ब्लाउज शिवणारा हात अर्धा-पाऊण इंच सोडतो आणि शिवण इकडेतिकडे झाली तरी अंगावर खपून जातं. इथे हिशेब कर. प्रत्येक शिवणीला दोन्ही पट्ट्यांतून फक्त एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त गेलं, म्हणजे दोन्ही मिळून पाव इंच, तर ३१ शिवणींत पावणेआठ इंच वाकळ गायब.

मशीनच्या पायाची, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या भागाची, कड म्हणजे पाव इंच असं गृहीत धरू नकोस. मोजायच्या टेपचा तुकडा पायाखाली सरकव, सुई हातानं फिरवून बरोबर पाव इंचाच्या रेघेवर टेकव, आणि टेपच्या कडेला लागून मशीनच्या पाट्यावर चिकटपट्टीचे पाच-सहा थर एकावर एक लाव. तो झाला बांध. कापडाची कड त्याला घासत जाऊ दे. मग रद्दी कापडाचे अडीच इंच रुंदीचे तीन तुकडे शेजारी शेजारी जोड, इस्त्री कर आणि मधला मोज. पुरे दोन इंच भरला पाहिजे. कमी भरला तर बांध सुईकडे सरकव, जास्त भरला तर लांब. हे जमल्याशिवाय खऱ्या पट्टीला सुई लावू नकोस.

तुझ्या पट्ट्यांची कड दातेरी आहे, फोटोत दिसली. उसवू नये म्हणून ती तशी कापतात. बहुतेक गुंडाळ्यांत अडीच इंच हे माप दाताच्या टोकापासून टोकापर्यंत असतं, पण चार-पाच पट्ट्या मोजून खात्री कर. तसं असेल तर बांधाला टोकं टेकवायची, खाच नव्हे. ह्या दातांतून भुसकट फार पडतं. प्रत्येक वेळी बॉबिन बदलताना कापड पुढे ओढणाऱ्या मशीनच्या दात्यांखाली आणि बॉबिन केसमध्ये ब्रश फिरव. तिथे कापूस साठला की टाके सुटायला लागतात आणि आपण उगाच दोऱ्याला दोष देतो. सुई नवी १४ नंबर, दोरा सुती किंवा चांगला पॉलिस्टर, टाका इंचाला दहा-बारा.

पहिलीच खेप आहे तर सगळ्यात सोपा प्रकार कर. चाळीसही पट्ट्या टोकाला टोक जोडत एकच लांबलचक पट्टी करायची. जोड तिरपा दे: एक पट्टी उभी, दुसरी तिच्यावर काटकोनात आडवी, सुलट बाजू एकमेकींना लावून, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शिवण. पाव इंच ठेवून उरलेला त्रिकोण काप. प्रत्येक जोडाला अडीच इंच लांबी जाते, पण सरळ जोडासारखी जाडी एका जागी साठत नाही. बाजूला काढलेल्या गडद पट्ट्या लांब लांब अंतरावर घाल, नाहीतर वाकळीच्या एकाच भागात काळसर ढग जमतो. सगळं जोडून साधारण ४० मीटर लांबी होते. ती जमिनीवर सोडलीस तर मांजराला सण. टोपलीत सैल घड्या घालत जा.

आता सुरुवातीच्या टोकाचे १८ इंच कापून टाक. हे विसरलीस तर दुमडल्यावर जोडावर जोड येऊन बसतात. मग दोन्ही टोकं एकत्र आणायची, सुलट बाजूला सुलट, आणि लांबीनं शिवत जायचं, घडीपर्यंत. घडीपाशी आलीस की कात्रीनं घडी काप. तिथे पीळ पडलेला दिसला तर घाबरू नकोस, कापताना तोही सुटतो. कापलेली टोकं सरळ करून शिवण पुरी कर. झाल्या दोन ओळी. परत टोकं एकत्र आण, शिव, घडी काप: चार. मग आठ, सोळा, बत्तीस. पाच खेपांत काम संपतं. लांबी दर खेपेला निम्मी होत जाते, म्हणून पहिली शिवण जीव काढते आणि शेवटची चहा उकळेपर्यंत होते. पट्ट्या ४२ इंची असोत की ४४, शेवटी रुंदी ५० इंचांच्या आसपास येते आणि बत्तीस ओळींची उंची ६४. एका माणसाच्या पांघरुणाला पुरेसं. बसण्यापूर्वी तीन बॉबिन भरून ठेव.

ह्या प्रकारात कोपरे कुठेच जुळवायचे नसतात, म्हणून माया थोडी चुकली तरी फक्त उंची घटते. तीन पट्ट्यांचे चौकोन करायला घेतलेस तर मात्र दया नाही. तीन पट्ट्या लांबीनं जोडल्या की साडेसहा इंची पट्टा होतो, त्याचे साडेसहाचे चौकोन कापायचे आणि एक उभा एक आडवा असे लावायचे. ४२ इंची पट्ट्यातून सहा निघतात. ४० पट्ट्यांतून तेरा पट्टे, म्हणजे ७८ चौकोन. सात बाय अकरा लावलेस की ४२ बाय ६६, एक चौकोन शिल्लक. पट्टा सव्वासहाच भरला तर साडेसहाचा हट्ट धरू नकोस, चौकोनही सव्वासहाचेच काप.

इथेच एक रोग हमखास होतो: पट्टा केळ्यासारखा वाकतो. खालची पट्टी मशीनचे दाते ओढतात, वरची पायाखाली मागे रेटली जाते, आणि दर वेळी एकाच टोकानं सुरुवात केली की हा फरक साठत जातो. म्हणून पहिली शिवण वरून खाली घातलीस तर दुसरी खालून वर घाल. वरची पट्टी लांब उरली तर ओढून जुळवू नकोस, तशीच सोड. आणि इस्त्री फिरवू नकोस. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. आधी शिवणीवर बंद असतानाच दाब, मग उघडून माया गडद बाजूला. शर्टावर फिरवतात तशी वाफेची इस्त्री फिरवलीस तर सरळ शिवलेला पट्टाही वाकडा होतो.

हा गुंडाळा संपल्यावर दुसरा मागवू नकोस. महाग पडतो, आणि आपल्याला त्याची गरजही नाही. बाजारातून सहा वेगवेगळ्या छापांचं ४४ पन्ह्याचं सुती कापड अर्धा अर्धा मीटर घे. अर्धा मीटर म्हणजे पावणेवीस इंच; धुऊन आकसल्यावरही प्रत्येकी सात पट्ट्या निघतात, सहा साते बेचाळीस. हे कापड मात्र आधी धुवायचं, खळ काढायची आणि कडक इस्त्री करायची. कापताना घडीवर लक्ष ठेव. कापड दुमडून कापतो आपण, आणि पट्टी घडीला काटकोनात नसेल तर उघडल्यावर मधोमध कोपरासारखी वाकलेली निघते. दर तीन पट्ट्यांनंतर एक उघडून बघ आणि कड पुन्हा सरळ कर. जाड खादी आणि पातळ मलमल एकत्र घालू नकोस, पातळ पट्टी आधी फाटते. पॉलिस्टरची शंका आली तर एक धागा जाळ: सुती कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून मणी धरतो.

अस्तराला जुनी सुती साडी काढ. साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच, बरोबर ७२ चे तीन तुकडे. दोन शेजारी जोडून ५८ इंच रुंद ठेव, चारही बाजूंना चार-चार इंच जादा हवंच. उरलेली पट्टी आणि तिसरा तुकडा मिळून पोटात, म्हणजे अस्तर आणि वरच्या थराच्या मध्ये, एक थर होतो. पोटातले तुकडे एकमेकांवर चढवू नकोस. कडेला कड लावून सैल टाक्यांनी जोड, नाहीतर पांघरल्यावर वळ लागतो. तुमच्याकडच्या थंडीला एक थर पुरायचा नाही, दुसरी साडी घालच.

तिन्ही थर फरशीवर ताणून, अस्तर चिकटपट्टीनं फरशीला लावून, वीतभर अंतरावर कच्चे टाके घाल. मशीनवर एवढी जाडी सरकताना खाली चुण्या पडतात, म्हणून हातानंच धावदोरा घाल. प्रत्येक शिवणीला लागून एक ओळ, म्हणजे ओळींत दोन इंचांचं अंतर आपोआप येतं. साडीचं पोट ह्याहून विरळ टाक्यांत धुतल्यावर गोळा होतं. मधूनच सुरुवात कर आणि कडेकडे जा, म्हणजे सैल कापड बाहेर निघत राहील.

गोटाला, म्हणजे वाकळीच्या कडेभोवतीच्या पट्टीला, सहा पट्ट्या लागतात. गुंडाळ्यातल्या सगळ्या संपलेल्या असतील, तेव्हा गडद साध्या पॉपलिनचं अर्धा मीटर वेगळं आण. तिरपे जोड देऊन लांबीनं दुमडायची, उघड्या कडा वाकळीच्या कडेला लावून वरून शिवायची, आणि मागे वळवून हातानं हेम घालायची. कोपरा येण्याआधी पाव इंच थांब, पट्टी वर दुमड, परत खाली आण, मग पुढची बाजू. पहिल्या धुण्याला वाकळ एकटीच, थंड पाण्यात. वरचा थर थोडा आकसून टाक्यांमध्ये बारीक सुरकुत्या येतील. ती खोट नाही, इस्त्री करून घालवू नकोस.

अस्तराला काढशील त्या साडीचा पन्हा आधी मोज आणि कळव. फार कमी असेल तर पोटाचे तुकडे वेगळे कापावे लागतील, त्याचं माप मी लिहून पाठवते.

तुझी मैत्रीण