‘ज्युनिअर’ म्हणजे कुमार गट नव्हे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या पारंपरिक खेळावरील आपल्या क्रीडा पुरवणीतील लेखात, १९१२ साली सुरू झालेल्या अखिल आयर्लंड ज्युनिअर स्पर्धेला ‘कुमार गट’ म्हटले आहे, ते बरोबर नाही. येथे ज्युनिअर हा शब्द वयाचा नसून दर्जाचा आहे. काउंटीच्या (म्हणजे आयर्लंडमधील जिल्ह्याच्या) वरिष्ठ संघात जागा न मिळालेले, चांगले मिशा फुटलेले गडीही तीत उतरत. पहिले विजेतेपद टिपरेरीने पटकावले, आणि ज्या थर्ल्स गावी १८८४ मध्ये गेलिक अॅथलेटिक असोसिएशन ही या खेळाची संघटना स्थापन झाली, ते गाव याच काउंटीतले. संघातील खेळाडू १७ वरून १५ झाले ते १९१३ मध्ये. म्हणजे ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा मैदानात दोन्ही बाजूंची मिळून ३४ माणसे असत, हा तपशील लेखात हवा होता. एक गोल म्हणजे ३ गुण, हेही सांगितले असते तर गुणफलक कळला असता.

आपला,
एक नियमित वाचक