केवळ ‘बीपी नॉर्मल’वर विसंबू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळंतपणानंतर रक्तस्राव होत असलेली स्त्री तालुक्याहून जिल्हा रुग्णालयात पाठवली जाते, तेव्हा तिच्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘बीपी नॉर्मल’ असे लिहिलेले मी वारंवार पाहिले आहे. ही निर्धास्ती घातक आहे. रक्त कमी होऊ लागले की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदय जलद चालते आणि त्यामुळे सुमारे 30 टक्के रक्त जाईपर्यंत वरचा रक्तदाब टिकून राहू शकतो; त्यातच गरोदरपणी शरीरातील रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेले असल्याने धोक्याची लक्षणे आणखी उशिरा दिसतात. सुरुवातीला तपासलेले हिमोग्लोबिनही फसवे ठरते.

नाडीच्या ठोक्यांना वरच्या रक्तदाबाने भागले की जो आकडा मिळतो, त्याला शॉक इंडेक्स म्हणतात. नाडी 108 आणि रक्तदाब 110 हे आकडे सुटे पाहिले तर बाळंतपणाचा शीण समजून कोणीही पुढे जाईल, परंतु त्यांचा भागाकार 0.98 येतो आणि बाळंतिणीच्या बाबतीत 0.9 च्या वरचा आकडा हा तातडीचा इशारा असतो. यासाठी कोणतेही वेगळे यंत्र लागत नाही.

दुसरा प्रश्न गेलेले रक्त मोजण्याचा आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांचा सहभाग असलेल्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मापाच्या खुणा असलेल्या पिशवीत जमलेल्या रक्ताच्या तुलनेत नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला होता. पुढे आफ्रिकेतील चार देशांत अशी पिशवी आणि तत्काळ एकत्रित उपचार यांचा वापर झाला, तेव्हा तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 60 टक्क्यांनी घटल्याचे 2023 मध्ये जाहीर झाले. आपल्या शेजारी बेळगावात वापरून पाहिलेली ही साधी वस्तू आपल्याकडील अनेक प्रसूतिगृहांत मला अजूनही दिसत नाही, याचे फार वाईट वाटते. आपल्याकडे रक्तक्षय असलेल्या गरोदर स्त्रिया पुष्कळ आहेत आणि त्यांना 500 मिलिलिटरपेक्षा कमी रक्त जाणेही सोसत नाही.

आरोग्य विभागाने रेफरल चिठ्ठीवर नाडी, रक्तदाब, शॉक इंडेक्स, मोजलेले रक्त, लघवीचे प्रमाण आणि नोंदीची वेळ असे रकाने सक्तीचे करावेत. रुग्णवाहिकेतही दर 15 मिनिटांनी हीच नोंद व्हावी आणि शॉक इंडेक्स वाढत असेल, तर रुग्ण पोहोचण्याआधीच पुढच्या रुग्णालयाला फोन करून रक्त तयार ठेवण्यास सांगावे.

आपला,
एक भूलतज्ज्ञ