दादा, त्या नाडीबद्दल आभार

प्रिय दादा कोंडके,

स.न.वि.वि.

१४ मार्च १९९८ नंतर तुम्हाला पत्र पोचायची सोय उरली नाही, म्हणून हे उघडं पत्र. लिहिणारे आम्ही म्हणजे वग, एकांकिका आणि विनोदी संवाद लिहून-बसवून पोट भरणारी मंडळी. तुमच्या सिनेमांना नाकं मुरडणारे आमच्यातही आहेत. पण तालमीत पंच बसेनासा झाला की तेसुद्धा गुपचूप तुमचाच एखादा प्रसंग लावून बघतात. तुमच्यावर कौतुकाचं पुष्कळ लिहून झालंय. आम्हाला आभार मानायचेत ते कारागिरीचे.

आधी नाडीचं. गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी आणि पुढं लोंबणारी लांब नाडी हा वेष आता कुठल्याही गॅदरिंगला दिसतो आणि बहुतेक वेळा फसतो. करणारा एन्ट्रीलाच नाडीला हात घालतो, हलवून दाखवतो, वर प्रेक्षकांकडे बघून डोळा मारतो. तुमच्या चेहऱ्यावर मात्र ती लोंबतेय याची दखलच नसायची. तुम्हाला पत्ता नाही आणि समोरच्या अख्ख्या थेटराला आहे, हशा पिकतो तो एवढ्यावरच. गड्याला एकदा कळलं की तो भोळा राहत नाही, चावट होतो, आणि चावट माणसाला लोक जेमतेम दहा मिनिटं सहन करतात. नव्या पोरांसाठी तांत्रिक बाबही सांगून ठेवतो: नाडी चड्डीच्या रंगात मिसळली तर शेवटच्या रांगेला दिसत नाही, आणि गुडघ्याखाली गेली तर नाचताना पायात येते.

मग तुमचा द्व्यर्थ. लोक म्हणतात दादा कमरेखालचं बोलायचे. बोलायचे तर खरंच. पण ते वाक्य बांधायचं कसं हे फार थोड्यांनी बघितलं. 'आली अंगावर' हे तुमच्या सिनेमाचं नाव घ्या. आपण रोज बोलतो ते 'अंगावर आली' असं. तसं म्हटलं की म्हैस उधळल्याची बातमी होते, हसत कोणी नाही. तुम्ही क्रियापद पुढं काढलंत आणि 'अंगावर' शेवटाला ठेवलंत. आता 'आली' ऐकल्यावर कोण आली, काय आली, हे कोडं आधी पडतं आणि उत्तराच्या जागी नुसतं अंग येतं. कर्ता गाळलेला. मराठीत तो गाळता येतो, कारण बाई की बुवा हे क्रियापदच सांगून टाकतं. 'येऊ का घरात' मध्येही तीच उलटापालट आहे. 'घरात येऊ का' हे शेजारीण विरजण मागायला आली तरी विचारते.

यातून आम्ही कामाला घेतलेला नियम असा: सरळ अर्थ स्वतःच्या पायावर उभा पाहिजे. वाक्य आजीसमोर मोठ्यानं वाचावं. साधा अर्थ तिथल्या तिथं सांगता आला तर ठेवावं. 'म्हणजे काय आहे ना आजी' असं सुरू करावं लागलं तर फाडून टाकावं. दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या डोक्यात तयार होऊ द्यायचा, आपण तोंडानं पुरवायचा नाही. सेन्सॉरशी झगडताना हीच ढाल असते, कारण आक्षेप घेणाऱ्याला तो दुसरा अर्थ स्वतःच्या तोंडानं उच्चारावा लागतो. पण कॅमेऱ्यानं घाई केली की ही ढाल फुटते. वाक्य चालू असताना शॉट बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर राहिला तर शब्द दोन्हीकडं झुकलेला राहतो. तिथंच बाईच्या पदरावर किंवा कमरेवर कट मारला की एकच अर्थ उरतो. मग सेन्सॉर कात्री लावतो, आणि तो लावतो तेव्हा त्याचं फारसं चुकत नाही.

सिनेमातल्या हशाचं गणित हा सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग. नाटकात हशा आला की नट थांबतो, तो उतरायला लागला की पुढचं वाक्य उचलतो. पडद्यावरच्या नटाला थेटरातलं ऐकू येत नाही. भरल्या थेटरात दणकून हशा आला तर चार सेकंद सहज जातात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ९६ फ्रेम. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर फुटाला १६ फ्रेम बसतात, म्हणजे झाली सहा फूट फिल्म. ही सहा फूट पंचच्या मागं मुद्दाम सोडावी लागते. तिथं समोरच्याचा भांबावलेला चेहरा घाला, तोच शब्द पुन्हा घोळवा, नुसतं 'आँ?' घाला; ऐकू नाही आलं तरी चालेल असं काहीतरी. गोष्ट पुढं नेणारं वाक्य तिथं पडलं तर ते हशात बुडतं आणि पुढच्या प्रसंगात लोक एकमेकांना 'काय म्हणाला?' विचारत बसतात. एडिटिंगच्या टेबलावर हसायला कोणी नसतं, त्यामुळे एडिटरला ती जागा लांबलेली वाटते आणि तो छाटून टाकतो. कित्येक चांगले संवाद असे टेबलावर मेलेत. हशा किती टिकतो हे तुम्ही 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याच्या शेकडो प्रयोगांत समोरच्या पब्लिकवर मोजून आला होतात. सिनेमात तुमचा पॉज चुकत नाही तो त्या हिशेबामुळे.

'विच्छा'बद्दल आभार मानताना अर्धा वाटा वसंत सबनीसांचा. 'छपरी पलंगाचा वग', म्हणजे मूळची 'विच्छा', त्यांनी लिहिला तोच मुळी हात फिरवायला जागा ठेवून. गण, गवळण, बतावणी, वग ही तमाशाची जुनी मांडणी. तिच्यात राजा, प्रधान, कोतवाल, हवालदार आणून बसवले की आजचं राजकारण आपोआप आत शिरतं. त्या दिवशीच्या पेपरातली बातमी तुम्ही रात्री वगात घालायचात. हे दिसायला सोपं, करायला जिकिरीचं. अ‍ॅडिशन, म्हणजे संहितेत नसलेलं ऐनवेळचं वाक्य, मधल्या बोलण्यात घ्यायची. गाण्यावर जाणारं वाक्य आणि एक्झिटचं वाक्य यांना हात लावायचा नाही. ढोलकीवाला त्याच शब्दावर थाप मारायला बसलेला असतो. वाक्य बदललं की तो चुकतो, गाणारी सूर शोधते, आणि मिळवलेला हशा भरपाईत जातो. दुसरं, एकानं अ‍ॅडिशन घेतली की समोरचा उत्तर देतो, तिसऱ्यालाही हुरूप येतो, आणि अडीच तासांचा प्रयोग साडेतीनवर जातो. तिसरं, बातमी शिळी झाली की काढायची, मग काल तिला कितीही टाळ्या पडलेल्या असोत. वर परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र असतं ते लिहिलेल्या संहितेला, तोंडी घातलेल्याला नाही. तेव्हा ज्यानं घातलं त्यानं निस्तरायचं.

तुमच्या घडणीत नायगावचा कामगार मोहल्ला, तिथला बँड आणि सेवादलाचं कलापथक, या तिन्हींचा हात आहे. बँडमध्ये वाजवलेल्या माणसाला वाक्याची सम कुठं पडते हे निराळं शिकवावं लागत नाही. पुढं आशा भोसले यांनी 'विच्छा' बघून दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे तुमच्यासाठी शब्द टाकला आणि १९६९ साली 'तांबडी माती' आला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. १९७१ च्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना तेव्हा बाळासाहेब ठाकरे मधे पडले, हेही. ते पुन्हा उगाळत नाही.

'सोंगाड्या'तल्या एका गोष्टीवर मात्र थांबायला हवं, ती म्हणजे आये. रत्नमालाबाईंची आये नाम्याला, म्हणजे तुम्हाला, रागावते, जेवायला वाढते, त्याच्यासाठी रडते. गोष्टीच्या दृष्टीनं ती आई. लेखनाच्या दृष्टीनं ती जामीन आहे. ज्या पोराला आई अजून कुक्कुलं बाळ समजते, त्याच्या तोंडून काहीही निघालं तरी बायाबापड्या त्याला वाईट समजत नाहीत. म्हणून तुमच्या सिनेमाला बायका पोरंबाळं घेऊन आल्या. तुमची नक्कल करणाऱ्यांनी चड्डी उचलली, शब्द उचलले आणि आये तेवढी गाळली. मग उरला तो नुसता टगा.

तसंच बोलीचं. ण चा न केला की ग्रामीण झालं, अशी शहरी नटांची समजूत आहे. तुमच्या 'ह्यो', 'त्यो', 'व्हय' मागं भोर भागातल्या घराचं बोलणं होतं. उच्चारापेक्षा वाक्याचा हेल ग्रामीण होता, आणि तो हेल पहिल्या रिळापासून शेवटच्यापर्यंत एकच राहायचा.

१९७५ च्या 'पांडू हवालदार'मध्ये पहिल्यांदा दिग्दर्शन करताना समोर अशोक सराफांना उभं केलंत आणि त्यांना हशे घेऊ दिलेत, याबद्दल वेगळे आभार. तुमचा पांडू भोळा, त्यांचा सखाराम बेरकी. दोघं भोळे असते तर प्रसंग पुढं सरकला नसता, दोघं बेरकी असते तर पांडूची कीव कोणाला आली नसती. नट-निर्माता-दिग्दर्शक एकच असला की समोरच्याची वाक्यं आधी कापली जातात. इथं तसं झालं नाही.

तुमच्या 'सदिच्छा चित्र' या निर्मितीसंस्थेची माणसं फार बदलली नाहीत, हाही धडाच. समोर उषा चव्हाण, आवाज महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकरांचा, पुढं संगीत राम-लक्ष्मणचं, गाणी बरीचशी तुमचीच. 'ढगाला लागली कळ' लग्नाच्या वरातीत अजून वाजतं. 'सोंगाड्या' ते १९८२ चा 'आली अंगावर', सलग नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी, म्हणजे प्रत्येक २५ आठवडे. गिनेस बुकात त्याची नोंद झाली.

आभारपत्रात खोटं नको, म्हणून हेही. हिंदीत तुमचं तितकं जमलं नाही. 'तेरे मेरे बीच में' आणि 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' यांची नावं चटकदार होती, पण मागं गाव नव्हतं, हेल नव्हता. नंतरच्या मराठी चित्रपटांतही बऱ्याचदा शब्द आधी सुचायचा आणि प्रसंग त्याच्यामागं ओढत आणलेला दिसतो. शिवाय नायिकेच्या वाट्याला हशा क्वचितच यायचा. 'पांडू हवालदार'मधली पारू केळेवाली दणकून बोलायची तेव्हा प्रसंग किती वर जायचा हे तुम्हालाही दिसलं असणार. ते आणखी हवं होतं. आताच्या मुली वगात स्वतःची बतावणी स्वतः लिहितात, नाडीवरचे विनोदसुद्धा, आणि वाक्य तुमच्याच पद्धतीनं उलटं बांधतात.

सबनीसांना आमचा नमस्कार सांगा. त्यांना 'अशी ही बनवाबनवी'च्या संवादांबद्दल निराळं पत्र लिहायचंय.

कळावे, लोभ असावा.

आपले,
वग आणि विनोद लिहिणारे-बसवणारे