जामीन झाला, मग माणूस कुठंय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला ‘आरोपी जामिनावर मोकाट’ हा मथळा आणि जामिनाचे नियम आणखी आवळा असं सरकारला सांगणारा अग्रलेख वाचला. भाषा नेहमीसारखीच देखणी. अग्रलेख लिहिणाऱ्यांनी आयुष्यात एकदा तरी कुणाला जामीन राहून बघावं, एवढीच नम्र सूचना. ‘मोकाट’ हा शब्दही गुराढोरांसाठी ठेवलात तर बरं.

मी गेल्या वर्षी जामीन राहिलो. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंच्या नवऱ्यावर चोरीचं भंगार टेम्पोतून नेल्याचा आरोप होता. खरं-खोटं कोर्ट ठरवील. बाराव्या दिवशी 15,000 रुपयांचा जामीन मंजूर झाला, एक जामीनदार द्या म्हणाले. पुढच्या आठवड्यात कणीक मळता मळता बाईंनी विचारलं, “काका, जामीन झाला म्हणतात, मग माणूस कुठंय?”

माणूस आतच होता. मग मी कोर्टात जामीन राहायला गेलो. पेन्शनचं पासबुक चालणार नाही, पगाराची स्लिप आणा म्हणाले. निवृत्त माणसाने ती कुठून आणायची? सातबारा नेला, तर त्यावर आम्हा चार भावांची नावं, म्हणजे सामाईक, म्हणजे नको. घरपट्टीची पावती नेली, तर सोबत ऐपतीचा दाखला हवा. त्यासाठी तहसीलला तीन खेपा. दाखला हातात पडला त्या दिवशी साहेब रजेवर. फाटकाबाहेरचे एक गृहस्थ मात्र कधीच रजेवर नसत. “कागदपत्रांसकट जामीनदार देतो काका, चार हजार फक्त.” ज्याच्या सुटण्याची तुम्हाला धास्ती वाटते, त्याला असा जामीनदार दुपारच्या चहाच्या आत मिळतो. आत राहतो तो बाईंचा नवरा. नियम आणखी आवळल्यावर यांतला कोण अडकणार, हे अग्रलेखात सापडलं नाही.

जामीन मंजूर झाल्यापासून सुटेपर्यंत चौतीस दिवस गेले. महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा, असं सुप्रीम कोर्टाने 31 जानेवारी 2023 रोजी सांगितलेलं आहे. आमचा महिना भरून वर चार दिवस झाले, विचार कुणी केलेला दिसला नाही. गरीब कैद्यांसाठी केंद्राची 2023 ची योजना आहे, ती सुरू झाली तेव्हा कच्च्या, म्हणजे खटला अजून निकाली न लागलेल्या, कैद्याच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत मिळत. हे मला तो सुटून आल्यावर कळलं! आणि त्यात पैशाची सोय आहे, कोर्टाने मागितला होता माणूस. मोतीराम नावाच्या गवंड्याचा भाऊ परजिल्ह्यातला, म्हणून त्याची जामीनकी नाकारली होती, त्यावर सुप्रीम कोर्टाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी खालच्या कोर्टाचे कान उपटले ते 1978 साली. माझ्या सातबाऱ्याला नाक मुरडलं ते गेल्या वर्षी. 2022 अखेर देशाच्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार कैदी होते आणि त्यांतले 4 लाख 34 हजार कच्चे. त्यांतल्या कितींच्या घरी कणीक मळताना हाच प्रश्न विचारला गेला असेल?

इकडे बाईंनी पोळ्यांची चार घरं होती त्यांची सहा केली. कारण टेम्पो कर्जाचा, हप्ता थांबत नाही आणि टेम्पो मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात. जप्त गाड्या ठाण्यात कुजवत ठेवू नका, हेही सुप्रीम कोर्टाने 2002 मध्येच सांगून झालंय. टेम्पो परत ताब्यात मिळावा म्हणून सुपूर्दनाम्याचा अर्ज केलाय, तारखा पडताहेत.

त्यावरून आठवलं. गेल्या महिन्यात आपण त्याच आवाराचा फोटो छापला होता, खाली ओळ होती ‘बेवारस वाहनांचा खच’. त्यात डावीकडून तिसरा, निळ्या ताडपत्रीचा टेम्पो आहे ना, तो बेवारस नाही. त्याचा हप्ता बाईंनी परवाच भरला. तेवढी चूक दुरुस्त करून छापावी.

आपला,
एक जामीनदार