मनूचा ईईजी आणि इतर
येना, जर्मनी

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. परवा फोनवर आवाज बसलेला वाटला तो सर्दीने, रडून नव्हे.

आई, मनूच्या फिटसाठी जो ईईजी काढायचाय, त्यात शॉक देत नाहीत. मी रोज हेच काम करते गं. मेंदूतून आपसूक निघणारे विजेचे बारीक तरंग तेवढे टिपतात. टेपने डोकं मोजून पेन्सिलीने खुणा करायच्या, तिथली त्वचा जेलने चोळायची आणि पेस्टने २१ चकत्या चिकटवायच्या. म्हणून आदल्या रात्री मनूचे केस शांपूने धुवा, तेलाचा थेंबही नको. माणसाचा पहिला ईईजी हान्स बेर्गर यांनी १९२४ साली याच गावात काढला.

बाबा, रिपोर्ट नॉर्मल आला तरी ‘काही नाही’ असं धरू नका. तेवढ्या वेळात मेंदू शांत असला तर फिटची खूण उमटत नाही. म्हणून इथे काही पेशंटना चकत्या लावून कित्येक दिवस कॅमेऱ्यासमोर ठेवतात. छातीलाही ईसीजीच्या चकत्या असतात, कारण हृदयामुळे आलेली चक्करही कधी फिटसारखीच दिसते. पुन्हा झटका आला तर तिला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करा. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट हॉस्पिटल. तोंडात चमचा घालायचा नाही. काकूला सांगा, कांदा नको, चप्पलही नको.

थंडीचं विचारलंत. इथे बाहेर बर्फ असला तरी दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या उघडतात. किलकिल्या नाही, सताड! कोंदट हवेने भिंतींना बुरशी धरते म्हणे. वॉर्डातसुद्धा वायरी लावलेल्या पेशंटला गळ्यापर्यंत पांघरूण घालून सिस्टर खिडकी उघडते, आणि पेशंट तिलाच धन्यवाद देतो. मी स्वेटर घालते, काळजी नको.

पंचवीस हजार पाठवलेत, ईईजी आणि एमआरआयला पुरतील. गोळ्या मनाने बंद करू नका. कराडच्या स्थळाला मनूचं आधीच सांगा. मामा काहीही म्हणोत, हिंदू विवाह कायद्यातून फेफरं नसण्याची अट १९९९ सालीच गेली. लपवलं तर गोळ्या चोरून घ्याव्या लागतील, चुकतील, आणि चुकल्या की झटका आलाच. रोज परक्यांच्या डोक्याला चकत्या लावते आणि मनूच्या वेळी मी तिथे नाही, हे मला फार लागतं. दिवाळीला रजा नाही. माझ्या लग्नाचं पुढच्या वर्षी बघू, त्यावरून बाबांशी भांडू नकोस.

तपासणीची तारीख कळवा.

तुमची,
सुमी