कागद कोणत्या रजिस्टरला चढवायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आसपास दरवर्षी आपल्या अंकात जुने फोटो, जुनी पत्रे छापून येतात. खाली बारीक अक्षरात लिहिलेले असते, ‘कौटुंबिक संग्रहातून’. मी निवृत्त शिक्षिका. बारीक अक्षर आधी वाचायची खोड जात नाही. हा कौटुंबिक संग्रह कसा असतो ते मला चांगले ठाऊक आहे. आमच्याकडचा पलंगाखाली, पत्र्याच्या ट्रंकेत आहे.

माझे वडील, अण्णा, बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. शाळा निजामाच्या राज्यात, उर्दूतून झाली. नोकरी मराठीत आणि इंग्रजीत केली. १९७२च्या दुष्काळात ते स्कार्सिटीच्या, म्हणजे दुष्काळी, कामांवर होते. खडी, मातीकाम, पाझर तलाव. ज्यांनी ती वर्षे पाहिली त्यांना जास्त सांगायला नको. मोजमापाची एम.बी. (मेझरमेंट बुक) सरकारजमा व्हायची, पण ती भरण्याआधी माणूस दिवसभराचे कच्चे टिपण स्वतःच्या खिशातल्या वहीत करतो. अण्णांच्या अशा एकोणीस वह्या आहेत. शिवाय घरून गेलेली-आलेली पोस्टकार्डे, बदलीचे हुकूम, एक कारणे दाखवा नोटीस (उत्तरासकट), आणि वर्तमानपत्रांची कात्रणे, जी आता हात लावला की तुटतात.

एक पान सांगते. जानेवारी १९७३. वर हजेरी ४१२. त्याखाली, ‘खडीचे तीन ढीग मोजले. एक पोकळ, आत मोठे धोंडे. मुकादमास ताकीद.’ मग एक रेघ, आणि रेघेखाली, ‘मिलोची भाकरी तुटते. घरी कळवणे, पीठ कढत पाण्यात भिजवावे.’ मिलो म्हणजे दुष्काळात परदेशातून आलेली लाल ज्वारी. कोपऱ्यात घरखर्चाचा हिशेब, आकडे उर्दूत. आईला उर्दू येत नव्हते, हे त्यामागचे कारण असावे असा आमचा घरगुती अंदाज आहे.

त्याच आठवड्यातले आईचे पोस्टकार्ड ट्रंकेत आहे. ‘पीठ तसेच भिजवले, जमले. मोठी घरचे जेवत नाही, शाळेत सुकडी खाऊन येते.’ सुकडी म्हणजे तेव्हा शाळेत वाटायचे तो पौष्टिक खाऊ. ती मोठी म्हणजे मी.

आता सांगा, यातले खाजगी कोणते आणि सरकारी कोणते? रेघ अण्णांनी मारली खरी, पण ढिगातले धोंडे आणि तुटणारी भाकरी एकाच दिवशीची आहेत, एकाच दुष्काळाची आहेत. वही एकीकडे आणि कार्ड दुसरीकडे गेले, तर दोन्ही अर्धी होतील.

हे सगळे घेऊन गेल्या वर्षी मी एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयात गेले. नाव लिहीत नाही. तिथली माणसे वाईट नव्हती, चहा पाजला. त्यांनी ट्रंक उघडून आधी पुस्तके बाजूला काढली. अण्णांचा एक जुना उर्दू शब्दकोश होता, तो लगेच पसंत पडला. वह्या-पत्रांकडे बघून तिथले गृहस्थ म्हणाले, “बाई, पुस्तकं देणगीत घेऊ. पण हे कागद कोणत्या रजिस्टरला चढवायचे?” त्यांनी मला दाखल नोंदवही दाखवलीसुद्धा. लेखक, प्रकाशक, आवृत्ती, किंमत असे रकाने. किंमत काय टाकायची, हा त्यांचा प्रामाणिक प्रश्न होता. दुसऱ्याने सुचवले, डेडस्टॉकला घ्या. डेडस्टॉकला खुर्च्या असतात. मी ट्रंक परत आणली. शब्दकोशही दिला नाही. शेवटी राग येतोच.

घरी आल्यावर विचार केला तेव्हा वाटले, त्या माणसाने गैर काही विचारले नव्हते. नेमके तेच रजिस्टर आपल्याकडे नाही. मी हे पत्र लिहिते आहे ते त्या रजिस्टरसाठी.

सरकारी दप्तराची निदान वर्गवारी तरी असते. ‘अ’ म्हणजे कायम जतन, ‘ड’ म्हणजे वर्षभराने नाश. २००५चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही आहे. घरातल्या कागदांना असले काहीच लागू नाही. त्यांची मुदत म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे आयुष्य. त्यानंतर रंगकाम निघते आणि रद्दीवाला येतो.

आणि सरकारी कागदांचे तरी आपण काय केले? १९४८ला निजामी राज्य संपले, १९५६ला आपले पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, पण राजधानीचे दप्तर हैदराबादेतच राहिले. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसिलांतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली दप्तरे, सुटली आणि मोडी, उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. फसली सन, म्हणजे निजामी कारभारातले महसुली वर्ष, काय असते हे तलाठ्याला शेजारच्या आजोबांना विचारावे लागले. (फसलीत ५९० मिळवा, इसवी सन साधारण येते. अण्णांनी आम्हाला हे पाढ्यांसारखे पाठ करून घेतले होते.) गरज पडली की कागदाला सोन्याचा भाव, एरवी वाळवीला मोकळे रान.

पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ला गेले, तर त्यांच्या संग्रहासाठी धुळ्यात मंडळ उभे राहिले. दिल्लीत तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात पुढाऱ्यांचे खाजगी कागद ठेवून घेतात. आपल्याकडे रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरच्या मातीतून वेचलेल्या वस्तूंचे संग्रहालय झाले, त्याचा मला अभिमान आहे. पण मातीच्या बाहुल्यांना काच मिळाली, तशी कागदाला मिळालेली नाही.

आपली विद्यापीठे काही कालची नाहीत. संभाजीनगरचे १९५८चे, नांदेडचे १९९४चे. आमच्या परभणीचे कृषी विद्यापीठ तर १९७२चे, म्हणजे अण्णांच्या वह्यांच्याच वयाचे. परभणी क्रांती भेंडी आपण सगळे खातो. तो वाण काढताना कुणीतरी वाफ्यावाफ्यात उभे राहून वहीत टिपणे केली असतीलच ना? गावोगावचे डॉक्टर, वकील, कॅनॉल इन्स्पेक्टर, नर्सबाई, सगळ्यांकडे अशी वही असते. पुढाऱ्यांचे कागद कुणीतरी सांभाळेलच. इतिहासकार सेतुमाधवराव पगडींसारखे अधिकारी नोकरीत असतानाच गोंडी भाषा शिकले. अशा माणसांची नोकरी आणि अभ्यास कात्रीने वेगळे करता येत नाहीत. साध्या ओव्हरसिअरचेही करता येत नाहीत, एवढेच माझे म्हणणे.

मला इमारत नको आहे. विद्यापीठात गच्चीखालची नसलेली एक खोली द्या. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीखालची खोली म्हणजे भट्टी. अभिलेखाचे शिक्षण घेतलेला एक माणूस नेमा, कंत्राटी नको. एका माणसाचे कागद एकत्र आणि त्याने लावले त्याच क्रमाने ठेवावेत. विषयवार लावायचा मोह फार होतो, मलाही झाला होता. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात, कात्रणे वेगळ्या पाकिटात घालावीत, कारण वर्तमानपत्राचा कागद शेजारच्या पानालाही पिवळे करतो. आणि कृपा करून सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर नकोच. आमच्या एका नातेवाइकांनी आजोबांची सनद प्रेमाने लॅमिनेट केली, ती आता आतल्या आत तपकिरी होत चालली आहे. आपली आजी पोथीला लाल फडके, कडुनिंबाचा पाला आणि वेखंड घालायची, ती जास्त शहाणी होती.

“स्कॅन करून पेनड्राइव्हवर द्या, मूळ कशाला?” असेही एकाने विचारले. स्कॅन जरूर करा. पण माझ्या निवृत्तीच्या समारंभाचा पेनड्राइव्ह आता उघडत नाही आणि १९७३चे पोस्टकार्ड चष्मा लावला की वाचता येते.

एका गोष्टीची मलाही भीती वाटते. अण्णांच्या वहीत मुकादमांची नावे आहेत, कुणाची हजेरी खोटी लागली ते आहे. त्यांची नातवंडे याच जिल्ह्यात आहेत. पत्रांत भावकीचे भांडण आहे, एका आत्याचे कर्ज आहे. उद्या कुणी त्याचा फोटो काढून व्हॉट्सअपवर टाकला तर? म्हणूनच साधे कपाट पुरत नाही, नियम हवेत. देणाऱ्याशी लेखी दानपत्र व्हावे. अमुक पाकीट अमुक वर्षांनीच उघडेल, असे त्यात लिहिता यावे. वाचणाऱ्याची नोंद व्हावी. शिवाय पत्राचा कागद ज्याला आले त्याचा असला, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि मरणानंतर साठ वर्षे वारसांचा असतो. हेही देणाऱ्याला कुणीतरी समजावून सांगायला हवे. मला ते एका वकील विद्यार्थ्याने सांगितले, फुकट.

मधल्या काळात दोन गिऱ्हाइके येऊन गेली. एका संशोधक मुलाला फक्त वह्या हव्या होत्या, पत्रे नकोत. दुसऱ्याला फक्त पोस्टकार्डे हवी होती, त्यावरच्या शिक्क्यांसाठी; पैसे द्यायलाही तयार होता. धाकटा भाऊ म्हणतो, फोटो तेवढे मला दे. सगळ्यांना नाही म्हटले आहे.

कुठल्याही विद्यापीठाने असे रजिस्टर घातले, तर पहिली नोंद माझ्याकडून घ्यावी. किमतीचा रकाना कोरा ठेवला तरी चालेल. तोवर ट्रंक पलंगाखालीच आहे, यंदा गळती वाढल्यामुळे चार विटांवर चढवली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, परभणी